बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा: जुन्या जिप्सीचं पाणी जातं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २००३ ची मारुती जिप्सी, एमपीएफआय पेट्रोल (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल सोडणारं इंजिन), लष्कराच्या लिलावातून निघून दोन हात फिरून आलेली. गाडी पुण्यात असते, महिन्यातून एक-दोनदा घाटात आणि कच्च्या वाटांवर जाते. दर ३०० किलोमीटरला अर्धा लिटर पाणी घालावं लागतं. गाडीखाली थेंब दिसत नाही. तापमानाचा काटा एरवी मधोमध असतो, वरंधा घाटात एकदा वर सरकला होता. एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडताक्षणी हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पातळ सील) गेलंय म्हणून सांगितलं आणि खर्चाचा मोठा आकडाही सांगितला. (रेडिएटरला नळीने जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी मात्र हलत नाही, रेडिएटरमध्येच घालावं लागतं.) हेड उघडायचं का?

आत्ता नका उघडू. गॅस्केट गेलेलं असूही शकतं, ते मी नाकारत नाही. पण हेड उघडणं ही या तपासातली सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात महागडी पायरी आहे, आणि तुमच्या गाडीत तिच्याआधी बघण्यासारखं बरंच आहे. प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. त्या वाक्यापासूनच सुरुवात करू.

मी वाईत तीस वर्षं गॅरेज चालवतो. दारातून निघालं की समोर पसरणीचा घाट, त्यामुळे पाणी उकळलेल्या गाड्या माझ्याकडे बोलवाव्या लागत नाहीत, घाटच त्या माघारी पाठवतो. इतक्या वर्षांत एक सवय लागली आहे. गिऱ्हाईक आलं की पाणी कुठून गळतंय हे मी आधी विचारत नाही, ते कधी कमी होतं हे विचारतो. रात्री उभ्या गाडीत? हायवेवर? चढावर? की चढ संपवून गाडी बंद केल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत? ‘कधी’चं उत्तर नीट मिळालं की ‘कुठे’ शोधायला फार वेळ लागत नाही.

आता तुमची बाटली. रेडिएटरची कॅप दिसते झाकणासारखी, पण तिच्या पोटात दोन वॉल्व असतात. मोठा स्प्रिंगवाला वॉल्व दाब धरून ठेवतो आणि ठरावीक दाबाच्या वर गेलं की पाण्याला बारीक नळीतून बाटलीत जाऊ देतो. त्याच्या मधोमध एक चिमुकली चकती असते, तो दुसरा वॉल्व. इंजिन गार होताना आत ओढ तयार होते, तेव्हा ही चकती उघडते आणि बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये येतं. म्हणजे सगळं ठीक असलं तर रेडिएटर कायम काठोकाठ आणि कमी-जास्त होणार ती बाटली. तुमच्याकडे उलटं आहे. रेडिएटर रिकामा होतोय आणि बाटली ढिम्म. याचा अर्थ इंजिन गार होताना पाण्याऐवजी हवा आत ओढली जातेय. ती हवा कुठून येते, ते भोक शोधायचं आहे. बहुतेक वेळा गरम असताना पाणी बाहेर पडतं तेही त्याच भोकातून.

थोडा हिशेब करू, कारण तुमच्या अर्ध्या लिटरचा काही भाग कदाचित हरवलेला नाहीच. जिप्सीच्या कूलिंगमध्ये सगळं मिळून साधारण पाच लिटर पाणी बसतं. २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की पाणी जवळपास साडेतीन टक्के फुगतं. म्हणजे पाच लिटरला दीडशे-पावणेदोनशे मिली, एक मोठा कपभर. तुम्ही सकाळी काठोकाठ भरलंत की गाडी तापल्यावर त्यातलं बरंचसं बाहेर येणारच. ते बाटलीत गेलं आणि रात्री परत आलं तर कुणाला कळतही नाही. पण नळी चिरलेली असेल तर ते बाहेर सांडतं, रात्री चिरेतून हवा आत येते, सकाळी तुम्हाला रेडिएटर कपभर कमी दिसतो, तुम्ही पुन्हा काठापर्यंत भरता आणि संध्याकाळी गाडी ते पुन्हा ओकते. अशी तीन दिवस गाडी वापरली की झालं अर्धा लिटर. इंजिनात यातला काहीही बिघाड नसतो.

म्हणून पहिलं काम ती नळी. रेडिएटरच्या मानेवर जिथे ती चढवलेली असते तिथे बोटांनी वाकवून बघा. नुसत्या डोळ्यांना ती चांगलीच दिसते. वीस वर्षांचं रबर टोकाशी कडक होतं आणि खालच्या बाजूने, जिथे नजर जात नाही तिथे, नखाएवढी चीर पडते. नळी काढून तोंडाने फुंकर मारा, दुसरं टोक अंगठ्याने दाबून धरा. हवा सुटली की कळेल. (आधी पुसून घ्या, कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचं रंगीत रसायन, तोंडात जाऊ देऊ नका, ते विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. कुत्र्यामांजरांपासून सांडलेलं कूलंट दूर ठेवा तेही याचसाठी.) मग नळीचं दुसरं टोक बाटलीत तळापर्यंत बुडालेलं आहे ना, ते बघा. झाकणाशी निसटून वरच लोंबकळत असेल तर ती पाणी ओढणार कुठून?

दुसरं काम कॅप. जिप्सीसारख्या गाड्यांच्या कॅपवर सहसा ०.९ आकडा असतो, म्हणजे ०.९ बार, साधारण १३ पीएसआय. या आकड्यावर घाटात फार काही अवलंबून आहे. समुद्रसपाटीला उघडं पाणी १०० अंशांना उकळतं, ०.९ बार दाब धरला तर तेच पाणी ११८ अंशांपर्यंत तग धरतं. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर. तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व) ८२ च्या आसपास उघडणारं इंजिन लो गिअरमध्ये चढताना ९५ ला पोचणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे कॅप दाब धरत नसेल तर पुण्यात काहीही न होता चालणारी गाडी घाटमाथ्यावर उकळणार, आणि उकळलं की कपभरावर भागत नाही, वाफ लिटरभर पाणी ढकलून देते. वरंध्यात तुमचा काटा सरकला त्याचं कारण एवढंच असू शकतं.

कॅपचं रबर उलटं करून बघा. त्यावर मानेच्या कडेचा खोल गोल ठसा उमटला असेल, रबर चकाकत असेल किंवा चकतीखाली गाळ बसला असेल, तर तपासत बसू नका, नवीन घ्या. काहीशे रुपयांचा मामला आहे. फक्त जुनी कॅप खिशात घालून दुकानात जा आणि आकडा व खोली दोन्ही जुळवा. दुसऱ्या गाडीची कॅप मानेवर बसते, फिरते, घट्टही वाटते, पण तिचा स्प्रिंग आखूड असेल तर खालची कडा टेकतच नाही. लिलावातून आलेल्या गाड्यांवर मी टेम्पोपासून ट्रॅक्टरपर्यंत कशाकशाच्या कॅपा बघितल्यात.

एक गोष्ट गॅरेजवालेही विसरतात. प्रेशर टेस्टर, म्हणजे मीटर असलेला हातपंप, रेडिएटरच्या मानेवर कॅपच्या जागी बसवतात. साहजिकच त्या टेस्टमध्ये कॅप तपासली जात नाही आणि कॅपच्या पुढची नळीही नाही. टेस्ट पास झाली, बाहेर गळती नाही, मग उरलं काय, हेड गॅस्केट! तुमच्याकडे असंच काही झालं असेल तर मला नवल वाटणार नाही. तुमच्या बाबतीत तर टेस्टर लावल्याचाही उल्लेख नाही.

नळी आणि कॅप बदलून आठ दिवस मोजमाप करा. रोज सकाळी, गाडी गार असताना, एकाच सपाट जागी. बाटलीवर पाण्याच्या रेषेला चिकटपट्टी लावा. रेडिएटरमध्ये घालायचं तर मिलीच्या खुणा असलेल्या बाटलीने घाला आणि वहीत तारीख, किलोमीटर, किती घातलं, आदल्या दिवशी गाडी कुठे गेली हे लिहा. ‘थोडं कमी झालं’ हा शब्द वहीत नको. बऱ्याचदा ही वहीच मला सगळं सांगून जाते. आणि गाडी नुकतीच उघडून भरलेली असेल तर पहिले दोन दिवस पाणी खाली जाणारच, अडकलेली हवा निघत असते. पुढची चाकं चढावर घेऊन, रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच ठेवून, हीटर असेल तर तो गरमवर करून भरलं की हवा लवकर निघते.

समजा नळी-कॅप नवीन टाकूनही वहीत रोज शंभर मिली दिसतंय. मग गळती शोधायची. इथे तुमची एक सवय आड येते. तुम्ही साधं पाणी घालताय. साध्या पाण्याला रंग नाही, वास नाही, आणि तापलेल्या ब्लॉकवर पडलं की मागे फारसं काही न ठेवता उडून जातं. चढावर थेंबथेंब गळलेलं पाणी गाडी थांबेपर्यंत वाळलेलं असतं. कूलंट गळलं तर त्याचा हिरवा किंवा गुलाबी ओघळ सुकून तसाच राहतो आणि गोडसर वास येतो. तेव्हा एकदा स्वच्छ पाण्याने सिस्टम धुवा आणि चांगलं कूलंट अर्धं-अर्धं डिस्टिल्ड वॉटरबरोबर भरा. तपासासाठी तर ते हवंच, शिवाय जिप्सीचं हेड आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचे आहेत. बोअरवेलचं जड पाणी ॲल्युमिनियम आतून खातं. थर्मोस्टॅटच्या घराची मान काढून बघितलीत तर होजखाली (पाण्याच्या रबरी पाइपाखाली) पांढरी भुकटी आणि खड्डे दिसतील. त्या खड्ड्यांवर नवीन होज आणि नवीन क्लिप कितीही आवळा, पाणी वाट काढतंच.

फोर-बाय-फोरचं आणखी एक नाटक आहे. इंजिनखाली लोखंडी गार्ड लावलेला असतो आणि त्यावर चिखल साचलेला असतो. वरून पडलेला थेंब त्या चिखलात मुरतो, जमिनीपर्यंत येतच नाही. ‘खाली थेंब नाही’ हे वाक्य गार्ड लावलेल्या गाडीबाबत मी पुराव्यात धरत नाही. गार्ड काढा किंवा निदान धुऊन त्यावर जुना पेपर पसरून बांधा. इंजिनही बाहेरून धुवा, वाळू द्या आणि संशय असलेल्या प्रत्येक सांध्यावर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. एक चक्कर मारून या. पाणी जिथून निघालं तिथून पावडरवर रेघ उमटलेली असते. मुलं हसतात मला, गॅरेजला बाळाचा वास येतो म्हणून. पण याच्याइतकं स्वस्त साधन मला अजून सापडलेलं नाही.

प्रेशर टेस्टर मिळाला तर तो गार इंजिनावर आणि कोमट इंजिनावर असा दोनदा लावा. कॅपवरच्या आकड्याएवढाच दाब द्या, जास्त नको, आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघत बसा. दोनदा का? काही गळत्या फक्त गारठ्यात होतात. जानेवारीत पाचगणीची एक टॅक्सी यायची, सकाळी खाली चमचाभर पाणी, नऊ वाजता ऊन आलं की कोरडी ठाक. माझ्याकडे येईपर्यंत ती तापलेली असायची आणि मला काहीच सापडायचं नाही. शेवटी रात्री गाडी ठेवून घेतली आणि पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन खाली शिरलो. खालच्या होजच्या क्लिपखालून थेंब. रात्री गारठ्याने रबर आखडत होतं, जुन्या क्लिपची पकड सुटत होती. इंजिन तापलं की रबर फुगून वाट बंद. क्लिप बदलली, काम झालं. अशा गळतीला दुपारी गॅरेजमध्ये कुणीही शोधू शकत नाही.

होज बघताना फक्त मोठे दोन बघून थांबू नका. बऱ्याच एमपीएफआय इंजिनांत थ्रॉटल बॉडीकडे आणि इनटेक मॅनिफोल्डकडे (इंजिनात हवा शिरते त्या भागांकडे) पाण्याच्या बारीक नळ्या जातात, त्यांच्याकडे वीस वर्षांत कुणी ढुंकूनही बघितलेलं नसतं. इनटेकच्या गॅस्केटमधून पाणी आत ओढलं गेलं तर ते सिलिंडरमध्ये जाऊन जळतं आणि लक्षणं हुबेहूब हेड गॅस्केटची दिसतात. हीटर असेल तर शेजारच्या सीटपुढची मॅट उचला, खाली ओल किंवा चिकटपणा आहे का, काच आतून तेलकट धुरकट होते का, ते बघा.

वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर पडावं म्हणून. तिथे वाळलेला पांढरा किंवा हिरवा पापुद्रा दिसला तर पंप गेला समजा. पट्टा ढिला करून पंपाची पुली हाताने हलवा, खडखड नको. हे भोक एम-सीलने बुजवलेलं मी दोनदा बघितलंय. दोन्ही पंपांची बेअरिंग महिन्याच्या आत गेली, एकाने फॅनसकट रेडिएटर कापला.

आणि आता माझी स्वतःची चूक, म्हणजे तुम्हाला गॅस्केटवाल्यावर राग येणार नाही. १९९८ च्या मे महिन्यात एक मास्तर जुनी डिझेल जीप घेऊन आले. पाणी कमी होतंय, खाली कुठे दिसत नाही. मी तेव्हा तरुण, आत्मविश्वास भरपूर. हेड उतरवलं, साताऱ्याला नेऊन फेस करून, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून, आणलं, नवं गॅस्केट टाकलं, चार दिवस गेले. मास्तर गाडी घेऊन गेले आणि आठव्या दिवशी परत आले. पाणी तेवढंच कमी. मी खाली आडवा पडलो आणि बराच वेळ नुसता बघत राहिलो. गिअरबॉक्स जिथे इंजिनाला जोडलेला असतो त्या बेल हाउसिंगच्या तळाला एक छोटी खाच असते. तिथली धूळ ओली होती. मी ती आधीही बघितली होती आणि ‘ऑइल सील असेल’ म्हणून सोडून दिली होती. बोट लावून बघितलं, ते तेल नव्हतं, पाणी होतं. ब्लॉकला बाजूने आणि मागून पत्र्याच्या गोल टिकल्या ठोकलेल्या असतात, कोअर प्लग म्हणतात त्यांना. मागची टिकली गंजून तिला सुईएवढं भोक पडलं होतं आणि पाणी फ्लायव्हीलच्या खोलीत उतरत होतं. गिअरबॉक्स मागे सरकवून टिकली बदलली. मास्तरांकडून हेडच्या कामाचे पैसे मी आधीच घेतले होते, ते परत करताना जे वाटलं ते अजून लक्षात आहे. तेव्हापासून बेल हाउसिंगखालचा ओलावा बोटाने तपासल्याशिवाय मी हेडला पाना लावत नाही.

रेडिएटरबद्दल थोडक्यात: जुन्या पितळी रेडिएटरच्या टाकीच्या डागाला (सोल्डरच्या सांध्याला) तडे जातात, प्लास्टिक टाकीवाल्यांत पन्हाळीतलं रबर जातं. दगडधोंड्यांतून जाताना चॅसी पिळते आणि रेडिएटरचे रबरी बुश मेलेले असतील तर तो पीळ थेट डागावर येतो. नुसता डाग लावून आणलात आणि बुश तेच ठेवले तर सहा महिन्यांनी पुन्हा तेच. ओढा ओलांडताना खोल पाण्यात फॅनची पाती पुढे वाकून जाळीला घासतात, जाळीवर गोल ओरखडा आहे का बघा. आणि फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं, श्राउड, जागेवर आहे ना? लिलावाच्या गाड्यांत ते बहुतेक वेळा गायब असतं, कुणीतरी पट्टा बदलताना काढतो आणि परत लावायचा कंटाळा करतो. हायवेवर फरक पडत नाही, पण घाटात पंधराच्या वेगाने चढताना फॅन आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. व्हिस्कस फॅन (आतल्या घट्ट तेलाच्या पकडीने फिरणारा) असेल तर गरम इंजिन बंद केल्यावर पातं हाताने फिरवून बघा. भिंगरीसारखं सैल फिरलं तर त्यातलं तेल गेलं.

हळदीचं विचारतीलच कुणीतरी. घाटात अडकलेल्या ट्रकवाल्याने मूठभर हळद टाकून गळती थोपवून वाई गाठली तर मी त्याला हात जोडतो. पण ती हळद पुढे रेडिएटरच्या नळ्यांत लापशीसारखी बसते. बाजारातली गळती बंद करणारी पावडरही मी त्याच रांगेत बसवतो. तपास चालू असताना तर दोन्ही नकोतच, पुरावा बुजतो.

आता गॅस्केट. बाहेर सगळीकडे कोरडं आहे, नळी-कॅप नवी आहे, टेस्टरचा काटा तरीही उतरतोय किंवा वहीत चढाच्या दिवशी आकडा मोठा येतोय, अशा वेळी खालच्या गोष्टी बघायच्या.

सकाळी थंड गाडी सुरू करा आणि वरचा मोठा होज मुठीत धरा. पाणी तापून दाब यायला काही मिनिटं लागतात. मिनिटाभरातच, पाणी अजून गार असताना, होज दगडासारखा ताठ झाला तर त्यात सिलिंडरमधला गॅस शिरतोय. तसंच रात्रभर उभ्या, पूर्ण गार गाडीची कॅप उघडताना फुस्स झालं तर तेही त्याच बाजूचं लक्षण. कॅप उघडी ठेवून इंजिन चालवलं की बुडबुडे दिसतात म्हणून लगेच घाबरायचं नाही, सुरुवातीचे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. दहा मिनिटांनंतरही एकसारखे येत राहिले आणि रेस दिल्यावर वाढले तर मोजा. या सगळ्यावर कळस म्हणजे निळ्या द्रवाची टेस्ट. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी धरून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. हवेत जळलेला गॅस असेल तर कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग पिवळा होतो. ज्या गॅरेजवाल्याने तुम्हाला बघताक्षणी गॅस्केट सांगितलं त्याला म्हणावं, आधी हे पिवळं करून दाखव.

चारही स्पार्क प्लग काढून क्रमाने कागदावर मांडा. तीन विटकरी-करडे आणि एक नव्यासारखा धुतलेला निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, वाफेने तो साफ होतो. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ पुरावा नाही. गाडी पूर्ण तापल्यावर अर्ध्या तासाने येत असेल तर आहे. तेलाच्या झाकणाखालचा फेसाळ पिवळा थर पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या कुठल्याही गाडीत दिसतो, त्यावर हेड उतरवू नका. खरं बघायचं असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या तेलाच्या चेंबरचा तळाचा बोल्ट हळूहळू दोन आटे सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं, असेल तर तेलाआधी तेच टपकेल.

हा तपास चालू असताना काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पाणी फार कमी झालं तर सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. घाटात चढलेला काटा कारण नसताना पटकन उतरला तर गाडी बाजूला घ्या. कॅपला हात लावू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, आणि तापलेल्या ॲल्युमिनियमच्या इंजिनात झऱ्याचं गार पाणी तर बिलकूल ओतू नका. गॅस्केट त्या दिवसापर्यंत चांगलं असेल तरी हेड वाकून त्या दिवशी जाईल.

हेच वाचणाऱ्या नव्या डिझेल एसयूव्हीवाल्यांसाठी एकच वाक्य: तुमच्याकडे ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर पाण्याने गार करणारा भाग) नावाची आणखी एक जागा आहे, तिथून पाणी थेट सायलेन्सरवाटे जातं, बाहेर कुठेही न दिसता, तेव्हा हेडच्या आधी तो वेगळा काढून दाब देऊन तपासून घ्या.

आणि शेवटी द्रव पिवळा झालाच, प्लग धुतलेला निघालाच, तर हेड उतरवा, पण इंजिन पूर्ण गार असताना आणि बोल्ट बाहेरून आत असे क्रमाक्रमाने सैल करत. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन स्वतः उभे राहून हेडची पातळी बघा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर फेस करावं लागेल. ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीने बघा, तो बघायचं हमखास राहतं. फेस करण्याआधी हेडला दाब देऊन गरम पाण्यात बुडवून तडा तपासायला सांगा, नाहीतर तडा असलेलं हेड गुळगुळीत करून परत येईल. बोल्टची भोकं दाभणाला चिंधी गुंडाळून तळापर्यंत कोरडी करा. तिथे पाणी किंवा तेल राहिलं तर बोल्ट टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवतो पण गॅस्केट दाबलंच जात नाही, आणि नशीब वाईट असेल तर ब्लॉकला तडा जातो. टॉर्क रेंच नसलेल्या माणसाकडे हे काम देऊ नका, हात कितीही अनुभवी असो. टायमिंग बेल्ट निघणारच आहे, तर तो, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकदमच नवे टाका. जुनी कॅप मात्र गॅरेजवाल्याकडून मागून घ्या आणि फेकून द्या, नाहीतर तीच परत बसलेली सापडेल.